बेस आणि की-बोर्डसाठी डीआय बॉक्स: ट्रान्सफॉर्मरची निवड व जोडणी (प्रकल्प नोंदी, इंदूर)

८ जुलै २०२५

रामबागेतील मंडळाच्या कार्यक्रमांसाठी दोन डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला जोडणारे डबे, तयार करावयाचे आहेत. दोन्ही पॅसिव्ह असतील, म्हणजे त्यांना बॅटरी अथवा फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) लागणार नाही. एक बॉक्स की-बोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि लॅपटॉप यांच्यासाठी, तर दुसरा बेस गिटारसाठी असेल. यंदा गणेशोत्सव २७ ऑगस्टला सुरू होत असल्याने त्याआधी दोन्ही बॉक्स रंगमंचावर वापरता यावेत, असे ठरवले आहे.

आमचा मिक्सर सभागृहाच्या मागील भिंतीशी असतो आणि रंगमंचापासून तेथवर केबल सुमारे २५ मीटर भरते. एवढ्या अंतरावर साधी गिटारची केबल ओढली, की दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता). मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तरी एकूण २,५०० पिकोफॅरड होते आणि १० किलोओहम सोर्स इम्पीडन्स (वाद्याचा स्वतःचा एसी रोध) असलेल्या वाद्याचा तार भाग, म्हणजे वरचे स्वर, साधारण ६.४ किलोहर्ट्झपासूनच उतरू लागतो. दुसरी म्हणजे हम, विजेच्या मेन्समधून शिरणारी घरघर. रविवारी आषाढी एकादशीच्या भक्तिसंगीतात तो सर्वांनीच ऐकला. गायिकेची पट्टी पांढरी पाच होती. तिचा खर्ज ९८ हर्ट्झचा आणि विजेच्या हमचा दुसरा हार्मोनिक १०० हर्ट्झचा. त्यामुळे तानपुऱ्याच्या खर्जाबरोबर सेकंदाला दोन ठोक्यांची डुगडुग विलंबित भजनात सतत जाणवत होती. पट्टी काळी एक असती, तर कदाचित कोणी तक्रारही केली नसती.

डीआय बॉक्समधील ट्रान्सफॉर्मर या दोन्ही दुखण्यांवर एकाच वेळी काम करतो. तो वाद्याच्या उच्च इम्पीडन्सला मिक्सरच्या माइक इनपुटशी जुळवतो, सिग्नल बॅलन्स्ड करतो (दोन तारांवर एकमेकांच्या उलट नेतो, त्यामुळे वाटेतला गोंगाट कटतो) आणि वाद्याचे ग्राउंड मिक्सरच्या ग्राउंडपासून तोडतो. शेवटच्या कामासाठी बाजारात स्वस्त आयसोलेटर मिळतातच. खरा प्रश्न पहिल्या कामाचा आहे आणि त्याचे उत्तर कोणता ट्रान्सफॉर्मर कोणत्या वाद्यासमोर ठेवतो, यावर अवलंबून आहे.

१३ जुलै २०२५

हाताशी असलेले ट्रान्सफॉर्मर टेबलावर मांडले. पहिला जुन्या मोडेममधून काढलेला ६०० ओहम ते ६०० ओहमचा. दुसरा १० किलोओहम ते ६०० ओहमचा लाइन ट्रान्सफॉर्मर. तिसरा ट्रान्झिस्टर रेडिओतील ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, जो पाहताक्षणीच बाजूला ठेवला, कारण नखाएवढ्या कोअरवर बारीक तारेचे थोडेसे वेढे असलेल्या त्या वस्तूकडून बेसची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. चौथा मात्र लक्ष देण्यासारखा आहे. मंडळाची ध्वनिव्यवस्था पूर्वी पाहणाऱ्या काकांनी व्हॉल्व्हच्या जमान्यातील एक मोडका पीए अँप्लिफायर दिला आणि म्हणाले, "हा डबा भंगारात देऊ नकोस रे. यातला माइकचा ट्रान्सफॉर्मर आता शोधूनही मिळायचा नाही." काकांचे म्हणणे खरे निघाले. म्यूमेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेलयुक्त मिश्रधातूच्या) गोल डब्यात बंद असलेला हा इनपुट ट्रान्सफॉर्मर आहे. कमी इम्पीडन्सच्या माइकचा सिग्नल वाढवून व्हॉल्व्हच्या ग्रिडला (इनपुटच्या टोकाला) देणे हे त्याचे मूळ काम. तोच उलटा जोडला, तर ग्रिडची बाजू वाद्याकडे आणि माइकची बाजू मिक्सरकडे येते, आणि डीआय बॉक्सला नेमके हेच हवे असते.

टर्न्स रेशो (दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचे गुणोत्तर) मोजण्यासाठी लॅपटॉपच्या साउंड कार्डातून ४०० हर्ट्झचा स्वर घेतला. साधे मल्टिमीटर एसीवर काही शे हर्ट्झच्या पुढे विश्वासार्ह राहत नाहीत, म्हणून मुद्दाम १ किलोहर्ट्झ टाळला. ग्रिडच्या बाजूला १ व्होल्ट दिल्यावर माइकच्या बाजूला ७१ मिलिव्होल्ट आले. म्हणजे रेशो सुमारे १४:१ आणि घट २३ डेसिबल. व्यावसायिक डीआय बॉक्समध्ये ज्याचे नाव नेहमी घेतले जाते, त्या जेन्सनच्या जेटी-डीबी-ई या ट्रान्सफॉर्मरचा रेशो १२:१ आहे, म्हणजे घट साधारण २१.६ डेसिबल. काकांचा ट्रान्सफॉर्मर त्याच पंक्तीतला आहे.

लाइन ट्रान्सफॉर्मरचा रेशो ४.१:१ आला. इम्पीडन्स टर्न्स रेशोच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १० किलोओहमला ६०० ने भागून वर्गमूळ काढले तर ४.०८ येते, त्यामुळे छापील आकडा बरोबर आहे.

वर्गाचा हाच नियम पुढील सगळ्या निवडीचा पाया आहे. ट्रान्सफॉर्मरवर १० किलोओहम छापलेले असते म्हणून वाद्याला १० किलोओहम दिसत नाही. मिक्सरच्या माइक इनपुटचा जो इम्पीडन्स असेल, तो रेशोच्या वर्गाने गुणून वाद्याला दिसतो. आमच्या मिक्सरचा इनपुट १.५ किलोओहमच्या आसपास आहे. तेव्हा ६००:६०० मागे वाद्याला १.५ किलोओहमच दिसतील, लाइन ट्रान्सफॉर्मरमागे सुमारे २५ किलोओहम आणि काकांच्या ट्रान्सफॉर्मरमागे जवळपास ३०० किलोओहम. बेसच्या पिकअपचा रोध १० किलोओहम धरला, तर ६००:६०० पुढे सिग्नल जवळपास १८ डेसिबल खाली येतो आणि पिकअपच्या स्वतःच्या इंडक्टन्समुळे तार भाग त्याहूनही अधिक बसतो. मोडेमचा ट्रान्सफॉर्मर येथेच बाद. टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झचा, आणि त्याची बनावटही तेवढ्यापुरतीच असते.

१५ जुलै २०२५

मल्टिमीटरचा ओहम रेंज म्यूमेटलच्या ट्रान्सफॉर्मरला लावू नये, अशी चिठ्ठी काकांच्या ट्रान्सफॉर्मरवर चिकटवली. त्या रेंजवर मीटर वेढ्यांतून डीसी प्रवाह सोडतो आणि निकेलचे प्रमाण अधिक असलेला कोअर तेवढ्यानेही चुंबकित राहू शकतो; मग खालच्या स्वरांत विकृती वाढते. कधी कोणी चुकून मोजलेच, तर कमी फ्रीक्वेन्सीचा एसी स्वर देऊन तो हळूहळू शून्यावर आणावा लागतो. डबा आपटणे, वाकवणे किंवा त्यात भोक पाडणे हेही वर्ज्य, कारण म्यूमेटलचा गुण त्याला दिलेल्या ॲनीलिंगमध्ये असतो आणि यांत्रिक ताणाने तो घटतो.

२० जुलै २०२५

आज प्रायमरीचा, म्हणजे वाद्याकडील वाइंडिंगचा, इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा वेढ्यांचा गुण) मोजला. या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचे मोजमाप हेच, असे माझे मत आहे, आणि बहुतेक जण तेच टाळून केवळ रेशोवर समाधान मानतात.

पद्धत साधी आहे. प्रायमरीशी १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून साउंड कार्डातून साइन लहर द्यावी, आणि रेझिस्टरवरचा व प्रायमरीवरचा व्होल्टेज समान होईपर्यंत फ्रीक्वेन्सी खाली आणत जावी. त्या ठिकाणी इंडक्टिव्ह रिॲक्टन्स १० किलोओहम असतो. १० किलोओहमला २ पाय आणि फ्रीक्वेन्सी यांच्या गुणाकाराने भागले, की हेन्रीमध्ये उत्तर मिळते. एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला हा आकडा घेण्यात अर्थ नाही, कारण तेथे वेढ्यांमधील कपॅसिटन्स मध्ये येते आणि बेसला ज्याची गरज आहे तो आकडा २०–५० हर्ट्झच्या टापूत घ्यावा लागतो. शिवाय लोखंडी कोअरचा इंडक्टन्स सिग्नलच्या पातळीनुसार बदलतो, म्हणून मोजताना प्रायमरीवर अर्धा व्होल्ट ठेवला.

काकांच्या ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही व्होल्टेज २७ हर्ट्झला समान झाले, म्हणजे इंडक्टन्स सुमारे ५९ हेन्री. लाइन ट्रान्सफॉर्मरवर ही जागा १३३ हर्ट्झला आली, म्हणजे साधारण १२ हेन्री.

हे आकडे वाद्यासमोर ठेवून पाहावे लागतात. ट्रान्सफॉर्मर खालचे स्वर कोठे सोडतो, हे सोर्स इम्पीडन्स आणि परावर्तित लोड (वाद्याला दिसणारा मिक्सरचा इम्पीडन्स) यांचे समांतर मूल्य २ पाय आणि इंडक्टन्स यांच्या गुणाकाराने भागल्यावर कळते. की-बोर्डचा आउटपुट इम्पीडन्स १ किलोओहम धरला, तर लाइन ट्रान्सफॉर्मरची तीन डेसिबल घटीची जागा सुमारे १३ हर्ट्झवर येते. हे पुरेसे आहे. त्याच ट्रान्सफॉर्मरसमोर १० किलोओहमचा बेस पिकअप आणला, तर तीच जागा ९५ हर्ट्झवर सरकते. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्झची असते. म्हणजे वस्तू तीच, पण एका वाद्याला पूर्ण न्याय देणारी आणि दुसऱ्याच्या मूळ स्वरालाच कापणारी. "हा ट्रान्सफॉर्मर चांगला आहे का" असे जेव्हा कोणी विचारतो, तेव्हा "कोणासमोर" हा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

काकांच्या ट्रान्सफॉर्मरसमोर तोच बेस ठेवला, तर जागा २६ हर्ट्झवर येते आणि ४१ हर्ट्झला घट सुमारे दीड डेसिबल राहते. हे मला मान्य आहे. मात्र येथे एक खाच आहे. बेसवरचा व्हॉल्यूम पॉट २५० किलोओहमचा असतो. तो पूर्ण उघडा असेपर्यंत सोर्स इम्पीडन्स १० किलोओहमच्या आसपास राहतो, पण वादकाने तो विद्युतदृष्ट्या अर्ध्यावर आणला की सोर्स इम्पीडन्स ६५ किलोओहमच्या घरात जातो आणि २६ हर्ट्झची जागा थेट १४० हर्ट्झपर्यंत चढते. आवाज कमी केला तेव्हा बेस "पातळ" का झाला, याचे कारण वादकाच्या बोटांत किंवा कानांत नसून या पॉटमध्ये आहे. बॉक्सच्या झाकणावर "बेसचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा, पातळी मिक्सरवर घ्यावी" असे लिहायचे ठरवले.

२२ जुलै २०२५

नव्याने ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा का, याचा विचार केला. शहरात मोटारी आणि स्टॅबिलायझर गुंडाळणाऱ्या कारागिरांची वाण नाही, पण गणित मांडल्यावर उत्साह ओसरला. एक चौरस सेंटिमीटर छेद आणि सहा सेंटिमीटर चुंबकीय मार्ग असलेला सिलिकॉन स्टीलचा ईआय कोअर घेतला आणि लहान सिग्नलला त्याची परमिअबिलिटी २,००० धरली, तर ५० हेन्रीसाठी जवळपास ३,५०० वेढे लागतात. ४६ गेजची तार घेतल्यास ती सुमारे १७५ मीटर भरते आणि तिचा रोध १ किलोओहमच्या आसपास येतो. एवढ्यावर ते अशक्य नाही. परंतु साडेतीन हजार वेढे एकावर एक टाकल्यावर वाढणारी कपॅसिटन्स, दोन वाइंडिंगच्या मध्ये घालावयाचा तांब्याच्या पत्र्याचा शील्ड (ज्याची टोके एकमेकांना टेकली तर तो शॉर्ट झालेला एक वेढाच होतो) आणि बाहेरून म्यूमेटलचा डबा, हे सारे जमवणे पंखे भरणाऱ्या दुकानाचे काम नव्हे. विचारले तेव्हा कारागिरानेच ४० गेजहून बारीक तार यंत्रावर टिकत नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानून विषय बंद केला.

२७ जुलै २०२५

आज विकृतीची चाचणी घेतली. ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होतो (त्याचा कोअर आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही) तो मोठ्या आवाजाने नव्हे, तर खालच्या स्वरातील मोठ्या आवाजाने, कारण कोअरमधील फ्लक्स व्होल्टेजच्या सम आणि फ्रीक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८० हर्ट्झला जो २ व्होल्ट सहज पेलतो, त्याला ४० हर्ट्झला तेवढाच फ्लक्स १ व्होल्टमध्ये गाठतो. म्हणून चाचणी ४० हर्ट्झवरच घेतली आणि १२० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक किती येतो, ते स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर पाहिले.

सोर्सचा रोध येथेही निर्णायक ठरतो, कारण कोअरचा मॅग्नेटायझिंग प्रवाह वाकडातिकडा असतो आणि तो जेवढ्या मोठ्या रोधातून यावा लागतो, तेवढी विकृती व्होल्टेजमध्ये उमटते. लाइन ट्रान्सफॉर्मरला १ व्होल्ट १ किलोओहममधून दिल्यावर तिसरा हार्मोनिक ०.३ टक्के होता. तोच सिग्नल १० किलोओहममधून दिल्यावर ३ टक्क्यांवर गेला. काकांच्या ट्रान्सफॉर्मरने १० किलोओहममधून १ व्होल्टला ०.४ टक्के दाखवले. बेससाठी कोणता, हे यानंतर वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या "उबदार" आवाजाबद्दल पुष्कळ बोलले जाते. त्या उबेचा बराचसा भाग हा तिसरा हार्मोनिक असतो. कोणाला तो हवा असेल तर हरकत नाही, पण तो मोजून घ्यावा.

२ ऑगस्ट २०२५

जेल रोडवर खरेदी केली. दोन डायकास्ट ॲल्युमिनियमचे डबे, पॅनेलचे पुरुष एक्सएलआर (मिक्सरच्या केबलसाठीचे तीन पिनांचे कनेक्टर), टॉगल स्विच आणि जॅक. जॅक प्लॅस्टिकच्या चुडीचेच हवे होते, कारण धातूच्या चुडीचा जॅक स्लीव्हला (प्लगच्या ग्राउंडच्या भागाला) डब्याशी जोडतो आणि मग ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे वाद्याचे ग्राउंड तोडणारा, स्विच शोभेपुरता उरतो. दुकानदाराने धातूचा जॅक "मजबूत" म्हणून पुढे केला होता. मजबुतीबद्दल त्याचे बरोबर आहे. प्लॅस्टिकचे जॅक तिसऱ्या दुकानात मिळाले.

९ ऑगस्ट २०२५

जोडणीपूर्वी पोलॅरिटी निश्चित केली. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून मीटरचा काटा पाहण्याची जुनी रीत कोअरला चुंबकित करते, म्हणून एसीनेच तपासले. प्रायमरीचे एक टोक सेकंडरीच्या एका टोकाला जोडले, प्रायमरीला ४०० हर्ट्झचा १ व्होल्ट दिला आणि मोकळ्या उरलेल्या दोन टोकांमध्ये मोजले. १.०७ व्होल्ट आला. दोन्ही वाइंडिंगची बेरीज झाली. वजाबाकी झाली असती तर ०.९३ दिसले असते. बेरीज होते तेव्हा एकमेकांना जोडलेली टोके विरुद्ध जातीची असतात. त्याप्रमाणे टोकांना रंगीत नळ्या चढवल्या. वाद्याच्या जॅकच्या टिपवर (टोकाच्या भागावर) सिग्नल धन असताना एक्सएलआरच्या दुसऱ्या पिनवर धन यावा, अशी जोडणी ठेवली. दुसरी पिन हॉट हा संकेत ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९९२ च्या मानकापासून सर्वत्र मान्य आहे. बेसचा डीआय आणि बेसच्या अँपसमोरचा माइक दोन्ही एकदम वापरले जातात, तेव्हा पोलॅरिटी उलटी असेल तर दोन्ही मिळून आवाज भरण्याऐवजी पोकळ होतो.

काकांच्या ट्रान्सफॉर्मरच्या माइकच्या बाजूला मधला टॅपही आहे. जुन्या काळी तो ग्राउंडला जोडीत असत. येथे त्यावर इन्सुलेशन चढवून तो मोकळाच ठेवला. फँटम पॉवरचे ४८ व्होल्ट ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून दुसऱ्या व तिसऱ्या पिनवर येतात. मधला टॅप ग्राउंडला असता, तर प्रत्येक बाजूने ७ मिलिॲम्पिअर वाया गेले असते, आणि दोन्ही बाजूंत थोडा जरी फरक राहिला तरी तो कोअरमध्ये डीसी होऊन बसला असता. टॅप मोकळा असताना दोन्ही पिनवर समान व्होल्टेज राहतो आणि सेकंडरीतून प्रवाह वाहतच नाही.

१० ऑगस्ट २०२५

ग्राउंड आणि शील्ड यांची जोडणी आज केली. आकृती काढण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा सोल्डरिंगमध्ये गेला नाही.

एक्सएलआरची पहिली पिन सर्वांत आखूड जाड तारेने डब्याला जोडली. डब्याच्या आत सिग्नल ग्राउंडला नेऊन मग कधी तरी डब्याला जोडणे मुद्दाम टाळले. केबलच्या शील्डवरून आलेला गोंगाट उपकरणाच्या आतील सिग्नल ग्राउंडवरून फिरला, तर तो सिग्नलमध्ये मिसळतो. नील मन्सी यांनी १९९५ साली या दोषाची मांडणी केली, तेव्हापासून तो "पिन वन प्रॉब्लेम" म्हणूनच ओळखला जातो. जॅकची स्लीव्ह डब्यापासून पूर्ण अलग आहे. स्लीव्ह आणि पहिली पिन यांच्यामध्ये लिफ्टचा स्विच आहे आणि स्विचला समांतर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला आहे, म्हणजे स्विच उघडला तरी रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या गोंगाटाला वाट राहते.

जेन्सनच्या जेटी-डीबी-ईमध्ये दोन फॅराडे शील्ड (वाइंडिंगमधले धातूचे पडदे) असतात. एक प्रायमरीच्या ग्राउंडला आणि दुसरा सेकंडरीच्या ग्राउंडला जोडला जातो. काकांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच आहे. तो कोठे जोडावा, हे मोजून ठरवले. प्रायमरीची दोन्ही टोके एकत्र करून त्यांना डब्याच्या सापेक्ष २ व्होल्टचा ५ किलोहर्ट्झ दिला आणि सेकंडरीच्या दोन टोकांमध्ये किती गळती येते, ते पाहिले. शील्ड मोकळा असतानाच्या मानाने तो पहिल्या पिनला जोडल्यावर गळती जवळपास दशांशावर आली. स्लीव्हला जोडल्यावर सुधारणा झाली, पण एवढी नाही. शील्ड आणि बाहेरचा म्यूमेटलचा डबा दोन्ही पहिल्या पिनला गेले.

लाइन ट्रान्सफॉर्मरला शील्डच नाही. दोन वाइंडिंगमधली कपॅसिटन्स १८० पिकोफॅरड भरली. ५० हर्ट्झला ती सुमारे १८ मेगाओहमची भिंत आहे, त्यामुळे मूळ हम अडतो. पण ५ किलोहर्ट्झला ती १८० किलोओहमच्या आत येते, म्हणजे एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीच्या) ॲडॅप्टरची किरकिर काही प्रमाणात पलीकडे जाणारच. की-बोर्डची पातळी मोठी असल्याने ती झाकली जाईल, असा अंदाज आहे. बेससाठी हा धोका पत्करला नसता.

की-बोर्डच्या बॉक्समध्ये २० डेसिबलचा पॅडही (पातळी कमी करणारे रेझिस्टर) दिला. सिरीजमध्ये १० किलोओहम आणि समांतर १.१ किलोओहम, तोही ट्रान्सफॉर्मरच्या आधी, म्हणजे मोठ्या पातळीचा फ्लक्स कोअरपर्यंत पोहोचतच नाही. वर ट्रान्सफॉर्मरला समोर १ किलोओहमचाच सोर्स दिसतो, हा फायदा वेगळा. बेसच्या बॉक्सला पॅड दिला नाही, कारण पिकअपवर ११ किलोओहमचा भार टाकून त्याचा जीव घ्यायचा नाही.

१६ ऑगस्ट २०२५

स्क्वेअर वेव्हची चाचणी घेतली. २ किलोहर्ट्झची चौकोनी लहर १० किलोओहममधून दिली आणि सेकंडरीवर १.५ किलोओहमचा लोड ठेवून ऑसिलोस्कोपवर पाहिली. काकांच्या ट्रान्सफॉर्मरच्या लहरीच्या माथ्यावर कोपऱ्याशी चार-पाच बारीक वळ्या दिसत होत्या आणि त्यांची फ्रीक्वेन्सी ४५ किलोहर्ट्झच्या जवळ होती. लीकेज इंडक्टन्स आणि वेढ्यांची कपॅसिटन्स यांचा हा रेझोनन्स आहे. सेकंडरीला समांतर एक रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये लावून तो शमवता येतो. मूल्ये बदलत गेलो, तेव्हा २.२ किलोओहम आणि १ नॅनोफॅरडवर कोपरा एकाच लहानशा उंचवट्यानंतर सपाट झाला. कपॅसिटर आणखी वाढवल्यावर कोपरा गोल होऊ लागला, म्हणून तेथेच थांबलो. कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीसाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण मिक्सरच्या प्रीअँपला ते ऐकू येते आणि मोबाइलचा रेडिओ गोंगाट असल्या उंचवट्यावरूनच आत शिरतो.

ट्रान्सफॉर्मर फोमच्या पट्टीत गुंडाळून नायलॉनच्या टायने बसवला. स्क्रू नाही, क्लॅम्प नाही.

१९ ऑगस्ट २०२५

फँटम पॉवर चालू करून तपासणी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनवर पहिलीच्या सापेक्ष ४७.६ व्होल्ट, दोन्ही पिनमध्ये शून्य. जॅकवर काहीही नाही. ठीक.

२३ ऑगस्ट २०२५

सभागृहात प्रत्यक्ष चाचणी घेतली. की-बोर्डला दोन पिनांचा एसएमपीएस ॲडॅप्टर आहे. बेसचा स्वतःचा अँप रंगमंचावर आहे आणि त्याला बॉक्सच्या समांतर जॅकमधून सिग्नल जातो.

लिफ्टचा स्विच दोन्ही ठिकाणी उलट वागला आणि तसेच अपेक्षित होते. बेसचा अँप विजेच्या बोर्डातून अर्थला जोडलेला, मिक्सरही अर्थला जोडलेला. तेव्हा स्लीव्ह पहिल्या पिनला जोडली की ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांचे बंद वर्तुळ) पूर्ण होतो आणि हम येतो. लिफ्ट उघडताच तो गेला. की-बोर्डचा ॲडॅप्टर मात्र अर्थशी जोडलेलाच नाही. त्याच्या आतील वाय कपॅसिटरमुळे (विजेची बाजू व आउटपुट यांच्यामध्ये असणाऱ्या) की-बोर्डचे ग्राउंड विजेच्या जवळपास अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत असते, आणि म्हणूनच जॅकला हात लावला की कधी कधी बारीक झिणझिणी येते. तेथे लिफ्ट उघडला की तो तरंगता व्होल्टेज वाइंडिंगमधल्या १८० पिकोफॅरडमधून किरकिर पाठवतो. लिफ्ट बंद केल्यावर त्याला पहिल्या पिनवरून जाण्याची वाट मिळते आणि शांतता होते. दोन्ही बॉक्सवर स्विचच्या स्थिती रंगवून दाखवल्या आहेत. हम आला तर दोन्ही बाजू करून पाहावे. प्लगमधली अर्थची जाडी पिन काढण्याचा उपाय कोणीही, कोणत्याही परिस्थितीत करू नये. पावसाळ्यात जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात तर तो जिवावर बेतणारा आहे.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा हम पूर्ण गेला. पांढरी पाचवर खर्ज लावून ऐकले, डुगडुग नाही. बेसच्या वादकाने जाड तार छेडून पाहिली आणि मिक्सरवरील लो ईक्यू (खालच्या स्वरांचा नियंत्रक), जो तो नेहमी वर चढवत असे, मधोमध ठेवायला सांगितला.

३१ ऑगस्ट २०२५

उत्सवात दोन्ही बॉक्स रोज वापरात आहेत. सुगम संगीताच्या कार्यक्रमानंतर व्हायोलिनवादक ताईंनी त्यांच्या पिझो (कंपनाच्या दाबाने वीज निर्माण करणाऱ्या) पिकअपसाठी यांतलाच एखादा बॉक्स चालेल का, असे विचारले. चालणार नाही. पिझो पिकअप हा मुळात १ नॅनोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर असतो. काकांच्या ट्रान्सफॉर्मरचा ३०० किलोओहम त्याच्यासमोर आला, तर तीन डेसिबलची घट सुमारे ५३० हर्ट्झलाच येते आणि त्याखाली वाढत जाते, आणि व्हायोलिनची खालची तार पाश्चात्त्य पद्धतीने लावली तर १९६ हर्ट्झची असते. आवाज किरटा आणि टोचणारा होईल. पिझोला किमान १ मेगाओहम, शक्यतो त्याच्या अनेक पट, इनपुट लागतो आणि तेवढा कोणताही पॅसिव्ह ट्रान्सफॉर्मर देऊ शकत नाही. फँटमवर चालणारा एफईटीचा (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरचा) बफर करून त्याच्या मागे असाच आणखी एक लाइन ट्रान्सफॉर्मर लावता येईल. एफईटीचा आउटपुट इम्पीडन्स कमी असल्याने १२ हेन्री तेथे पुरतील. सुटे भाग पुढल्या खेपेला जेल रोडवरून आणायचे आहेत. तोवर व्हायोलिनसाठी माइकच ठेवावा, असे ताईंना कळवले.